स्कॉलरवर ९, स्कोपसवर ७: फॉर्मात कुठला एच-इंडेक्स लिहायचा?

नमस्कार. पदोन्नतीचा फॉर्म समोर आहे आणि त्यात एक चौकोन रिकामा आहे: एच-इंडेक्स. एच-इंडेक्स ७ म्हणजे तुमच्या सात पेपरांना निदान सात-सात सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांतले उल्लेख, मिळाली आहेत. सायटेशन्स मोजणाऱ्या दोन वेबसाइट आहेत: गूगल स्कॉलर उघडलं तर ९ दिसतो, स्कोपस उघडलं तर ७. दापोलीच्या कृषी विद्यापीठात असा, रत्नागिरीतल्या कॉलेजात असा, नाहीतर सावंतवाडीत राहून पीएचडी करत असा, हा घोळ सगळ्यांचा सारखाच. आणि गंमत म्हणजे दोन्ही आकडे बरोबर असतात.

कारण हा आकडा माणसाचा नसतो, यादीचा असतो. स्कॉलर प्रबंध, अहवाल, परिषदेतले पेपर, इंटरनेटवर जे जे सापडेल ते धरतं. स्कोपस फक्त निवडलेली नियतकालिकं, पुस्तकं आणि परिषदा धरतं. यादी बदलली की आकडा बदलला. म्हणून आज आधी यादी साफ करू, हिशोब नंतर. आंब्याची पेटी भरताना आपण आधी रास निवडतो, डागी फळ बाजूला काढतो, प्रत लावतो आणि मग डझन मोजतो. इथे बहुतेक जण डझनापासूनच सुरुवात करतात.

[स्क्रीनवर: एक्सेलचं कोरं पान]

सात रकाने करा. शीर्षक, वर्ष, नियतकालिक, डीओआय, एकूण लेखक किती, त्यात तुमचा नंबर कितवा, आणि प्रकार. डीओआय म्हणजे १० ने सुरू होणारा त्या पेपरचा कायमचा क्रमांक. वेबसाइट बदलली तरी तो बदलत नाही. प्रकार म्हणजे मूळ संशोधन, आढावा, परिषदेतला पेपर की पुस्तकातलं प्रकरण. हा रकाना कंटाळा करून सोडू नका. आढावा लेखाला साधारणपणे जास्त सायटेशन्स मिळतात, त्यामुळे एकाच आढाव्यावर उभी असलेली कारकीर्द वेगळी दिसायला हवी.

आता नावाचा प्रश्न, आणि कोकणात तो जरा जास्तच आहे. सावंत, परब, राणे, कदम. आडनाव सावंत, स्वतःचं आद्याक्षर एस, वडिलांचं आर, असे लोक किती निघतील ते तुम्हीच मोजा. त्यात इंग्रजीत कुणी सावंत डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पेपर तर हमखास दोन प्रोफाइलमध्ये वाटले जातात. आणि आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव अशा क्रमाने लिहिलंत, तर संगणक कधी कधी वडिलांचंच नाव आडनाव समजून बसतो.

संस्थेच्या नावाचीही तीच तऱ्हा. दापोलीचं विद्यापीठ १९७२ चं, त्याच्या नावात डॉ. बाळासाहेब सावंत नंतर आलं. म्हणजे जुने पेपर एका नावाने, नवे दुसऱ्या. त्यात कुणी पूर्ण नाव लिहितं, कुणी नुसती आद्याक्षरं. मुंबई विद्यापीठाचे १९९६ च्या आधीचे पेपर ‘बॉम्बे’ नावाखाली सापडतील. शोधताना ही सगळी रूपं टाकून बघा.

यावर इलाज ऑर्किड. फूल नव्हे, १६ अंकांचा ओळख क्रमांक. २०१२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दहा मिनिटांत मिळतो. शेवटच्या जागी अंकाऐवजी एक्स दिसला तर घाबरू नका, तो तपासणीचा अंक आहे. प्रोफाइलमध्ये इतर नावांची जागा असते, तिथे तुमच्या नावाची छापून आलेली सगळी रूपं भरा. मग क्रॉसरेफला, म्हणजे डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेला, परवानगी द्या, म्हणजे पेपर पाठवताना ऑर्किड दिला असेल आणि प्रकाशकाने तो पुढे कळवला असेल, तर छापून आल्यावर पेपर आपोआप तिथे येतो. इन्फ्लिबनेटच्या विद्वान या भारतीय संशोधकांच्या पोर्टलवर खातं असेल तर तिथेही हाच क्रमांक जोडा.

स्कोपसवर तुमचं प्रोफाइल तुम्ही उघडत नाही, यंत्रच बनवतं. वर्गणी नसलेल्या कॉलेजातूनही लेखकाचं नाव फुकट शोधता येतं. एकाच्या जागी दोन-तीन प्रोफाइल दिसली तर सगळी निवडून एकत्र करायची विनंती तिथूनच टाकता येते. दुरुस्तीला वेळ जातो, म्हणून फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.

गूगल स्कॉलरवर उलटी भानगड. तिथे पेपर कमी पडत नाहीत, परके घुसतात. मत्स्यशास्त्राच्या प्रोफाइलवर मणक्याच्या शस्त्रक्रियेचा पेपर दिसतो, कारण आद्याक्षरं तीच. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप भर टाकणं बंद करा आणि ‘आधी ईमेल पाठवा’ हा पर्याय घ्या. परका पेपर डिलीट करा. एकच पेपर दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर टिक करून ‘मर्ज’ दाबा.

झाली यादी. आता हिशोब.

[स्क्रीनवर: ४८, ३१, १७, १२, ९, ८, ७, ५, ३, १, ०, ०]

समजा एका संशोधकाचे स्कोपसवर हे १२ पेपर. सायटेशन्स मोठ्याकडून लहानाकडे लावल्यात, बेरीज १४१. एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. वरून मोजत या. सातव्या पेपरला ७ सायटेशन्स, चालेल. आठव्याला ५, आठपेक्षा कमी, थांबा. एच-इंडेक्स ७. आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन्स असलेले पेपर: इथे ४. जी-इंडेक्समध्ये वरच्या जी पेपरांच्या सायटेशन्सची बेरीज निदान जी गुणिले जी व्हायला हवी. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, ते १४१ मध्ये बसतं. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, तिथे तीन कमी पडतात. म्हणून जी-इंडेक्स ११. सगळे आकडे एकाच यादीतून आले, बघा.

सरासरी सांगू नका. १४१ भागिले १२ म्हणजे ११.७५, पण १२ पैकी आठ पेपर या सरासरीच्या खाली आहेत. मध्यक ७.५ आहे, तो जास्त प्रामाणिक.

पुढचा चटका. स्कोपसमध्ये सायटेशन ओव्हरव्ह्यू उघडलात की स्वतःची सायटेशन्स वगळायचा पर्याय असतो. तो लावल्यावर समजा यादी अशी झाली: ४४, २७, १५, ९, ६, ५, ३, २, १, ०, ०, ०. बेरीज ११२. म्हणजे २९ सायटेशन्स स्वतःची होती. बेरीज पाचव्या भागाने उतरली, पण एच-इंडेक्स ७ वरून ५ वर आला, आय-टेन ४ वरून ३ वर. वरच्या पेपरांची सायटेशन्स घटली तरी एच-इंडेक्सला फरक पडत नाही; मार बसतो तो उंबरठ्यावरच्या पेपरांना. आपलाच आधीचा प्रयोग पुढे नेताना आपला पेपर द्यावाच लागतो, त्यात पाप नाही. पण मुलाखतीत कुणी विचारलं तर दोन्ही आकडे तयार असू द्या. स्कॉलरमध्ये असं बटणच नाही, तेव्हा तिथला आकडा कायम स्वतःच्या सायटेशन्ससकट समजा.

आता सहलेखक. समजा आपल्या १२ पैकी सहा पेपर तिघांचे, चार पेपर चौघांचे आणि दोन पेपर दहा-दहा जणांचे. नुसते मोजले तर १२. प्रत्येक पेपरात आपला वाटा धरला तर सहा गुणिले एक तृतीयांश म्हणजे २, चार गुणिले एक चतुर्थांश म्हणजे १, दोन गुणिले एक दशांश म्हणजे ०.२. एकूण ३.२. आणि तो ४८ सायटेशन्सचा वरचा पेपर दहा जणांचाच असेल, अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातला, तर तो मुद्दाम वेगळा दाखवा. वेंगुर्ल्यात काजूवर काम करणाऱ्यांना हे नवं नाही. एकच प्रयोग अनेक राज्यांतल्या केंद्रांवर चालतो आणि प्रत्येक केंद्राचं नाव पेपरवर येतं. नेमकं काम काय केलं ते सांगायला क्रेडिट नावाची १४ भूमिकांची पद्धत आहे: कल्पना, प्रयोग, विश्लेषण, लेखन, देखरेख वगैरे. सव्विसाव्या नावावर बसलेल्या माणसानेही कधी कधी सगळं सांख्यिकी विश्लेषण केलेलं असतं.

[स्क्रीनवर: सहलेखकांचा नकाशा]

सहकार्याचा नकाशा काढायला व्हीओएसव्ह्यूअर घ्या, लायडन विद्यापीठाचं मोफत सॉफ्टवेअर. स्कोपसची फाइल मिळत नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स या पेपरांच्या खुल्या यादीतली माहिती वापरा, तीही फुकट. एक माणूस म्हणजे एक गोल, गोल जितका मोठा तितके पेपर जास्त, रेघ जितकी जाड तितकं एकत्र काम जास्त. पहिल्या प्रयत्नात नकाशा बहुधा रिकामा येतो, कारण लेखकाचे किमान पेपर ५ अशी अट आधीच लावलेली असते. एकाच संशोधकाच्या यादीसाठी ती १ किंवा २ करा. दुसरी चूक पूर्ण मोजणीची. दहा जणांच्या एका पेपरातून ४५ जोड्या तयार होतात आणि नकाशात नुसतं जाळं गुंतलेलं दिसतं. फ्रॅक्शनल मोजणी निवडलीत की त्या पेपरातल्या प्रत्येक जोडीला १ ऐवजी १/९ मिळतो आणि रोजचे जोडीदार वर येतात. तिसरी चूक नावांची: एकच गाईड दोन गोलांत. त्यासाठी दोन रकान्यांची साधी टेक्स्ट फाइल करायची, डावीकडे चुकीचं रूप, उजवीकडे खरं. पहिल्या ओळीत लेबल आणि रिप्लेस बाय हे शब्द इंग्रजीत लागतात, ते विसरलात तर फाइल चालत नाही.

विषयांची तुलना करायची असेल तर एच-इंडेक्स बाजूला ठेवा. हापूसमधल्या साक्यावर, म्हणजे गरातल्या दोषावर, जगात किती लोक काम करतात आणि कर्करोगावर किती? सायटेशन देणारेच कमी, तर सायटेशन्स कुठून येणार? त्यासाठी स्कोपसवाल्यांचा एफडब्ल्यूसीआय आहे, म्हणजे विषयानुसार तोललेला सायटेशन्सचा आकडा. तोच विषय, तेच वर्ष, तोच प्रकार असलेल्या पेपरांना सरासरी ४ सायटेशन्स मिळाली आणि तुमच्याला १२, तर तो ३.००. जगाची सरासरी १.००. हिशोबात छापल्याचं वर्ष आणि पुढची तीन वर्षं धरतात. पाच-सात पेपरांवर मात्र हा आकडा सांगू नका, एकटा पेपर सगळा तोल बिघडवतो.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल एवढंच: तो नियतकालिकाचा आहे, तुमचा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या लेखांची संख्या. सगळ्या पेपरांचे इम्पॅक्ट फॅक्टर जोडून ‘एकूण ३४.६’ असं लिहिलेला बायोडेटा तपासणाऱ्याच्या हातात गेला की पहिली नजर तिथेच अडकते.

आणि जे कुठल्याच यादीत येत नाही, त्याला वेगळं पान द्या. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर. सिंधू म्हणजे रत्ना आणि हापूसचा, त्यात बाठा अगदी पातळ. वेंगुर्ला-४ काजू. बागायतदार हे कलम म्हणून विकत घेतो. लावताना तो पेपर सायट करत नाही. संयुक्त अ‍ॅग्रेस्कोत, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, मंजूर झालेली शिफारस, प्रसारित वाण, मराठीतली पुस्तिका, हे सगळं वर्ष आणि मंजुरीच्या तपशिलासह लिहा, सायटेशनच्या रकान्यात कोंबू नका.

फॉर्मातला तो चौकोन आता असा भरा: ‘एच-इंडेक्स ७, स्वतःची सायटेशन्स वगळून ५; स्कोपस, १२ पेपर’, आणि पुढे पाहिल्याची तारीख. चौकोन लहान असेल तर ७ लिहून पुढे तारांकन (*) करा आणि बाकीचं खाली लिहा. त्या दिवशीच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉटही त्याच फोल्डरात ठेवा; छाननी होईपर्यंत आकडा हललेला असतो.