साठ की आठ?

(डोळ्याचं जवळून घेतलेलं चित्रण)

ही बाहुली बघत राहा. खोलीतला उजेड तेवढाच आहे. आजींच्या हेडफोनमध्ये एक वाक्य सुरू झालंय आणि त्यामागे पुष्कळ माणसांच्या बोलण्याचा गलका. वाक्य पुढे सरकतं तशी बाहुली मोठी होत जाते. वाक्य संपलं. आजींनी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आणि बाहुली सावकाश पहिल्यासारखी झाली.

एकही शब्द चुकला नाही. मात्र तो पकडायला मेंदू किती राबला, हे डोळ्याने सांगितलं. माणूस आकडे लक्षात ठेवू लागला की आकड्यागणिक बाहुली रुंदावते, हे डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिलं. ऐकण्याचे कष्ट मोजायला आज हीच खूण वापरतात. फरक मिलिमीटरच्या अंशांचा. कॅमेरा नसता तर शेजारी बसलेल्यालाही कळला नसता.

(पडद्यावर आवाजाचा आलेख)

हा शब्द आहे 'साठ'. खालचे गडद, जाड पट्टे 'आ'चे. आणि वर, म्हणजे उंच पट्टीत, चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याहूनही वर, धुरासारखं जे फिकट पसरलंय, तो 'स'. आतल्या कानात शंखासारख्या नळीत आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच, आणि वयाबरोबर आधी झिजतात त्याच. माणसाच्या कानात गेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. 'आ' राहतो, 'स' विरतो. साठचं आठ होतं.

म्हणून आजी म्हणतात, "ऐकू येतं गं, कळत नाही." आणि आपण ओरडतो. ओरडलं की 'आ'सारखे स्वर दणदणीत होतात, 'स' मात्र फारसा वाढत नाही.

गळालेलं अक्षर मग मेंदू भरतो. "दार लाव, …रा येतोय." 'वारा' हे तुम्हीही आत्ता भरलंत. आयुष्यभराच्या शब्दसाठ्यामुळे वयस्क माणसं यात तरबेज असतात. फक्त हा अंदाज बांधेपर्यंत बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. वयाबरोबर मेंदूचा वेग थोडा मंदावतो, एका वेळी मनात धरून ठेवता येतं तेही कमी होतं, आणि भरपाईचं सगळं काम त्याच तोकड्या जागेत चालतं.

१९६८ साली मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी लोकांना आकड्यांची यादी ऐकवली. पहिला भाग स्वच्छ, दुसरा गोंगाटातून. गोंगाटातले आकडे ऐकून सांगता येण्याजोगे होते. तरी त्यांच्यामुळे विसरायला झाले ते पहिले, स्वच्छ ऐकलेले आकडे. "मघाशीच सांगितलं ना तुला!" हे वाक्य तोंडाशी येईल तेव्हा हा प्रयोग आठवावा.

(तपासणीची बंद खोली)

इथे आवाज आला की बटण दाबायचं. ही तपासणी हवीच. कुठला स्वर किती हळू ऐकू येतो ते इथेच कळतं. पण खोली शांत आहे, आवाज एकेकटा, आणि समोर बोलणारं कुणी नाही. हातात येणाऱ्या आलेखावर कष्टांसाठी रकाना नाही. गोंगाटातलं बोलणं किती समजतं याचीही चाचणी असते. ती मागून घ्या. श्रवणयंत्र गेलेला 'स' बराचसा कानापर्यंत आणतं. गलक्यातून एक आवाज वेगळा काढण्याचं काम तरीही बरंचसं मेंदूकडेच उरतं.

थकवा, मग बोलावणं टाळणं, मग एकटेपण. आणि श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२०चा अहवाल सांगतो.

(टेबलाभोवती घरची माणसं)

पंखा बंद केलाय. नात खुर्ची वळवून समोर बसली, चेहऱ्यावर उजेड येईल अशी. ओठ दिसले की गोंगाटातलं बोलणं जास्त समजतं, हे १९५४पासून मोजून माहीत आहे. ती सावकाश बोलतेय, आवाज न चढवता. बाकीचे तिचं संपेपर्यंत थांबलेत.

(निवेदन इथे थांबतं. पुढे टेबलावरचा मूळ आवाज.)