देवमाशाचा दात कसा वाचतात

नमस्कार, श्रोतेहो.

बेलुगा देवमाशाच्या दातात वर्षाला थर एक बसतो की दोन, हा वाद बरीच वर्षं चालला. साधा हिशेब पाहा: दातात 40 थर मोजले, तर वर्षाला दोन धरून प्राणी 20 वर्षांचा ठरतो आणि एक धरून 40 वर्षांचा. निकाल लागला तो अणुचाचण्यांमुळे. 1950 आणि 60 च्या दशकांत वातावरणात झालेल्या स्फोटांनी कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढला, तो समुद्रात मुरला आणि भक्ष्यातून दातांत उतरला. ही वाढ कोणत्या थरात दिसते ते पाहून पुढचे थर मोजले. वर्षाला एकच थर निघाला.

दातेरी देवमाशांना आणि डॉल्फिनना दुधाचे दात नसतात. येतो तो दात जन्मभराचा. हाड शरीर मोडतं आणि पुन्हा बांधतं, पण डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या मुख्य कठीण भागाचा, थर एकदा बसला की सहसा बदलत नाही. कागदी शंकू एकात एक बसवावेत तसे हे थर असतात. जुना बाहेरच्या बाजूला, ताजा मधल्या पोकळीलगत. ही दिशा उलटी धरली, तर प्राण्याचं सगळं आयुष्य उलटं वाचलं जातं!

दात कापायचा तो हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने, मंद गतीने, पात्यावर पाणी सोडत, टोकापासून मुळापर्यंत बरोबर मधोमध. मध्यरेषा चुकली की थर तिरके कापले जातात आणि मोजणी फसते. एक अर्धा भाग 10 टक्के फॉर्मिक आम्लात ठेवतात. आम्लाने खनिज कमीजास्त झिजतं, पृष्ठभागावर बारीक उंचवटे उठतात, आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली तरी थर मोजता येतात. दुसऱ्या अर्ध्याला मात्र आम्लाचा थेंबही लावायचा नाही. रासायनिक तपासणी त्याच्यावर होते.

खरी कसोटी या दुसऱ्या अर्ध्यातून एकेका थराची भुकटी काढताना. ड्रिलचं टोक थराच्या वळणाने न्यायचं. सरळ रेषेत नेलं की शेजारची वर्षं त्यात मिसळतात. केस जळल्यासारखा वास आला, तर समजा कोलॅजेन, म्हणजे दातातलं प्रथिन, करपतंय. वेग कमी करा. पाच-दहा मिलिग्रॅम भुकटी थंड ठेवलेल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवली की खनिज विरघळतं आणि कोलॅजेन मागे राहतं. ते आम्ल पूर्ण निघेपर्यंत धुवायचं, नाहीतर पुढे नमुना ज्यात भरतात ती कथिलाची कुपी कुरतडली जाते. मग गोठवून सुकवायचं आणि साधारण अर्धा मिलिग्रॅम कुपीत भरायचं. समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजणाऱ्या यंत्राचे आकडे आले की आधी कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं प्रमाण बघा. ते 2.9 ते 3.6 च्या दरम्यान हवं. त्याहून जास्त आलं तर बहुधा चरबी राहिली. चरबीत कार्बन-13, म्हणजे कार्बनचा जड अणू, कमी असतो, त्यामुळे त्याचा आकडा खोटा खाली येतो.

आता अर्थ लावणं. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की नायट्रोजन-15, म्हणजे नायट्रोजनचा जड अणू, हजारी सुमारे 3 ने वाढतो. पण पहिल्या थरातला चढा आकडा पाहून पिल्लू आईपेक्षा मोठी शिकार करत होतं, असं म्हणू नका. ते आईचं दूध पीत होतं, म्हणजे एका अर्थी आईलाच खात होतं. हा आकडा पुढच्या ज्या थरात उतरतो, तिथे दूध सुटलं.

कार्बन-13 चं पाणी जरा खोल आहे. खनिज इंधनं जाळल्यामुळे हवेतला आणि समुद्रातला हा आकडा दशकानुदशकं घसरतोय. जुन्या संग्रहातला दात आजच्या दाताशेजारी ठेवताना ही घसरण वजा केली नाही, तर आहार बदलल्याचा भास होतो. जमिनीवरच्या प्राण्याचं मूळ गाव शोधायला कामी येणारं स्ट्रॉन्शियमचं समस्थानिक गुणोत्तर इथे जवळजवळ निरुपयोगी, कारण खुल्या समुद्रात ते सगळीकडे 0.7092 च्या आसपासच असतं.

म्हाताऱ्या प्राण्याचा दात आला तर आणखी दोन गोष्टी तपासा. टोक झिजलं असेल तर पहिली वर्षं गेलेली असतात, आणि आतली पोकळी भरून आली असेल तर शेवटची वर्षं डेंटिनमध्ये नोंदलेलीच नसतात. अशा दातात मोजलेलं वय 'किमान इतकं' असंच लिहायचं.