हळू आवाजातला हुकूम

श्रोतेहो, नमस्कार.

12 मार्च 2011 ची संध्याकाळ. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात त्सुनामी शिरून वीज गेल्याला एक दिवस उलटला होता. मीटर दिसावेत म्हणून कर्मचाऱ्यांनी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणून जोडल्या होत्या. भट्टी थंड ठेवायला वापरलेलं गोडं पाणी संपलं, तेव्हा आगीच्या बंबांनी समुद्राचं पाणी पहिल्या अणुभट्टीत सोडायला सुरुवात झाली. सुचेल ते, हाताशी असेल ते.

तेवढ्यात फोन आला. पंतप्रधान कार्यालयात बसलेला, केंद्र चालवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, अजून होकार नाही, पाणी थांबवा. टोकियोच्या मुख्यालयानेही तीच री ओढली. केंद्रप्रमुख मासाओ योशिदा उठले, त्या कामावरच्या माणसाला हळूच म्हणाले, मी आता थांबवायला सांगेन, तू थांबवू नकोस. आणि मग मुख्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हुकूम सोडला: थांबवा!

पाणी चालूच राहिलं. कागदावर मात्र ते थांबलं. मे महिन्यात खरं बाहेर येईपर्यंत, जे थांबलंच नव्हतं ते कोणी थांबवलं, यावरून तिथल्या राजकारणात खडाजंगी चालली होती. गंमत बघा, पुढच्या तपासण्यांत निघालं की त्या पाण्यातलं पुष्कळसं भट्टीत पोचलंच नव्हतं; आडवाटेच्या पाइपांतून भलतीकडे गेलं होतं. शिकण्यासारखं काही असेल तर ते त्या पाइपांच्या जोडणीत होतं. चर्चा रंगली ती हुकूम मोडल्याची.

योशिदांची सविस्तर जबानी सरकारने उघड केली सप्टेंबर 2014 मध्ये. ती बाहेर येऊ नये, असं त्यांनीच लिहून दिलं होतं. 2013 मध्ये ते वारले.

मला खटकतं ते हे, की इतक्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसालाही खरं काम कुजबुजून करावं लागलं. मग रात्रपाळीच्या वायरमनचं काय? वेळ निभावली आणि साहेब खूश असले तर ते प्रसंगावधान. नसले तर तीच बेशिस्त. हे त्याला पुरतं ठाऊक असतं. म्हणून यंत्र सुरू झालं की पहाटे तो आपली जोडलेली वायर आधी काढून खिशात घालतो, आणि मग वहीत लिहितो, 'नियमानुसार दुरुस्ती केली.'