मोठा काटा तासाचा

नमस्कार श्रोतेहो.

डॅन्यूब नदीच्या उजव्या तीरावर, खडकावर, पेत्रोवारादिन नावाचा किल्ला उभा आहे. त्याच्या तटावर एक पांढरा घड्याळ-मनोरा आहे. त्या घड्याळात मोठा काटा तास दाखवतो आणि लहान काटा मिनिटं. नवखा माणूस तिथे हमखास चुकतो. पण घड्याळ लावलंय ते नदीतल्या नावाड्यांसाठी. भर प्रवाहातून दिसला पाहिजे तो तास, मिनिटांवाचून त्यांचं काही अडत नव्हतं.

या किल्ल्यासमोर, पलीकडच्या काठावर वसलंय नोवी साद, सर्बियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. आज त्या शहराच्या गाण्याविषयी बोलायचं आहे, आणि सुरुवात किल्ल्यापासूनच करावी लागते.

ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजांनी तुर्कांना रोखण्यासाठी तो १६९२ ते १७८० अशी तब्बल ८८ वर्षं बांधला. त्याच्या पोटात सुमारे १६ किलोमीटरची भुयारं आहेत. एवढा सगळा खटाटोप तोफांसाठी. आणि विसाव्या शतकात लोक हा गड चढायचे ते यानिका बालाझ यांचा तंबुरा ऐकायला!

तंबुरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गवयामागचा तंबोरा आला असेल. नावाचं मूळ एकच, पण वाद्याचा स्वभाव अगदी निराळा. आपला तंबोरा मागे राहून सूर धरतो, तिथला तंबुरा पुढे येऊन गातो. त्याचं मोठं कुटुंबच आहे. सगळ्यांत धाकटा तो प्रिम, लहानसा, नखीने भरभर छेडायचा, त्याचा आवाज पाण्यावर ऊन चमकावं तसा. सगळ्यांत थोरला उभा राहून वाजवतात.

बालाझ प्रिम वाजवत. जन्म १९२५चा, घराणं रोमा लोकांचं. हे रोमा शेकडो वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेला गेले. त्यांच्या भाषेत नाकाला ‘नाख’, काळ्याला ‘कालो’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणतात. डॅन्यूबच्या काठी कुणी नदीला ‘पानी’ म्हणतं, हे कळल्यापासून मला ते शहर फार परकं वाटत नाही.

बालाझ गडावरच्या उपाहारगृहात वर्षानुवर्षं आपल्या ताफ्यासह वाजवत राहिले. पेत्रोवारादिनच्या आठ तंबुरावादकांवरचं गाणं तिथे अजूनही गायलं जातं. नोवी साद रेडिओच्या तंबुरा वाद्यवृंदातही ते होते. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला आणखी एका गोष्टीचं अप्रूप वाटतं: १९४९ साली सुरू झालेलं ते केंद्र पहिल्यापासून पाच भाषांत बोलत होतं. सर्बियन, हंगेरियन, स्लोव्हाक, रोमेनियन आणि रुसिन. बालाझ १९८८ मध्ये गेले. शहराने त्यांचा पुतळा उभारलाय.

मग आला १९९९चा एप्रिल. कोसोवोच्या युद्धात नाटोने सर्बियावर केलेल्या बॉम्बफेकीत त्या एका महिन्यात नोवी सादचे डॅन्यूबवरचे तिन्ही पूल पडले. पहिला १ तारखेला, तिसरा २६ला. रोज कामासाठी नदी ओलांडणारी माणसं होडीची वाट बघत काठावर उभी राहू लागली. कित्येक वर्षं तराफ्यांच्या पुलावर भागवावं लागलं.

पुढच्याच वर्षी, २०००च्या उन्हाळ्यात, विद्यार्थ्यांनी नदीकाठच्या विद्यापीठ परिसरात सुमारे शंभर दिवस गाणी, नाटकं, सिनेमे असा धडाका लावला. मागणी एकच: राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांची राजवट मतदानातून जावी. सप्टेंबरात निवडणूक झाली, ५ ऑक्टोबरला ती राजवट कोसळली. या महोत्सवाचं नाव ‘एक्झिट’, म्हणजे बाहेरची वाट. २००१ मध्ये तो महोत्सव गडावर गेला. खंदकात नाचाचं मैदान झालं, तटांवर रंगमंच चढले आणि पहाटेपर्यंत जगभरची तरुण मुलं तिथे थिरकू लागली. २०२५ मध्ये मात्र आयोजकांनी जाहीर केलं की सरकारविरोधी विद्यार्थी आंदोलनाला पाठिंबा दिल्यावर दबाव आला, सरकारी मदत थांबली, म्हणून सर्बियातला हा शेवटचा सोहळा. पंचवीस वर्षांनी पुन्हा विद्यार्थीच! मला त्या बातमीचं मनापासून वाईट वाटलं.

पण नोवी सादच्या माणसाला ‘तुमचं गाणं कुणाचं?’ विचारलंत, तर बहुधा तो जोर्जे बालाशेविच यांचं नाव घेईल. १९५३ साली याच शहरात जन्मलेले कवी-गायक. सर्बिया ज्याचा भाग होता तो युगोस्लाव्हिया फुटला, शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखू लागला, तेव्हा ते युद्धाविरुद्ध उघड बोलत राहिले. १९९८ मध्ये ते बोस्नियाच्या राजधानीत, सर्ब फौजांच्या वेढ्यातून सावरणाऱ्या सारायेवोत जाऊन गायले. सर्बियातल्या गायकाने तेव्हा तिथे उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती.

१९ फेब्रुवारी २०२१ला ते गेले. कोरोनाचे दिवस, थंडी. तरी त्या रात्री नोवी सादच्या चौकात माणसं मेणबत्त्या घेऊन जमली आणि त्यांची गाणी म्हणू लागली. क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये लोक जमले, सारायेवोतही जमले. ज्या शहरांच्या मध्ये तीस वर्षांपूर्वी सीमा उभ्या राहिल्या होत्या, तिथे त्या दिवसांत एकच गाणी चालली होती.