पांढरी एक मागितली, काळी दोन वाजली

नमस्कार मंडळी. मी राहायला ठाण्यात, चरईला, आणि कामाला रबाळ्याला. एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहे. प्रेशर गेज, थर्मोकपल, वाल्व खरं बोलतायत की खोटं, हे तपासणं माझं काम. सुट्टीच्या दिवशी विम्याची कामं करतो. आणि या दोन्हींच्या फटीत गेली वीस वर्षं ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो. जॅझ. गुरू नाही. हे मी मिरवत नाही हं. गुरू असता तर पहिली चार वर्षं वाचली असती.

ती चार वर्षं कशी गेली ते ऐका. लग्नाच्या बँडमधल्या एका काकांकडून जुना ऑल्टो घेतला. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ऐकून वेड लागलं होतंच. रेकॉर्ड लावायची आणि कानाने शोधत शोधत सोबत वाजवायचं. सुरांची नावं लागतच नव्हती. मग वाशीला काही पोरांनी वाजवायला बोलावलं. गिटारवाला म्हणाला, "काका, सीमधून घेऊया." मी रात्रभर जागून पुस्तकातून सीची बोटं पाठ केली होती. फुंकर मारली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगतो : पांढरी एक मागितली, काळी दोन वाजली. ऑल्टोवर सीची, म्हणजे पांढरी एकची, बोटं धरली की कानाला ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन, येतो. वाद्याची घडणच तशी. हे ज्याला माहीत असतं त्याला इतकं माहीत असतं की तो सांगायचंच विसरतो.

पुढे ऑर्नेट कोलमन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाल्याबद्दल वाचलं आणि जरा धीर आला. आपला आपण शिकलेला माणूस. सुरांच्या नावांचा असाच घोळ त्याचाही लहानपणी झाला होता. पन्नासच्या दशकात लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या दुकानात तो लिफ्ट चालवायचा आणि रिकाम्या वेळात संगीतशास्त्राची पुस्तकं वाचायचा. वाजवायला प्लॅस्टिकचा ऑल्टो. पुढे त्याने जॅझची दिशाच बदलली. मी काही बदललेलं नाही. पण लिफ्टमध्ये बसून वाचणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

लोक विचारतात, वेळ कसा काढता? वेळेचं काय, तो निघतो. अडचण ओठांची असते. तीन दिवस वाजवलं नाही की ओठांचे स्नायू सैल पडतात, सूर गळका होतो. त्यामुळे रोज वीस मिनिटं, निदान वीस, लांब सूर धरायचा. एकच सूर, एकाच दाबाने, काटा हलता कामा नये. हे मात्र मी कारखान्यात शिकलो. दिवसभर गेजचा काटा बघणाऱ्याला थरथर लगेच कळते. आधी मी रीड, म्हणजे तोंडात धरायची वेताची पट्टी, दातांनी आवळायचो. सूर उंच चढायचा आणि मला वाटायचं, वा, काय तेज आहे!

शेजाऱ्यांचं काय? तोंडात टॉवेल कोंबा, असं बरेच जण सुचवतात. माझ्या नव्हे, वाद्याच्या. उपयोग नाही. सॅक्सोफोनचा आवाज नुसता पुढच्या कर्ण्यातून येत नाही, उघड्या भोकांतूनही येतो. मी कपाट उघडून कपड्यांत तोंड घालून वाजवतो. बायकोच्या साड्या आवाज छान पितात. जॅझचा मोठा सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून १९५९ पासून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करायचा. तोच पुढे आपल्या पवईच्या आश्रमात राहून गेला, आणि १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवूनही गेला. मला पूल परवडत नाही. ऐरोलीच्या पुलावर ट्रक किती असतात माहितीये ना?

सगळ्यात जास्त खाल्लं ते रात्रपाळीने. कार्यक्रम रात्रीचे, पाळी रात्रीची. तीन चांगली बोलावणी मी अशी सोडली आणि चौथं आलंच नाही. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

पण स्विंग मला लोकलने दिला. अडॉल्फ सॅक्सने पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं १८४६ ला, आणि आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. दोघं तसे एका पिढीचे! नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून वाशीची गाडी पकडायची, बॅग छातीशी धरायची, "सनई का हो?" या प्रश्नाला "हो" म्हणायचं. मेन लाईनला एखाद्या सकाळी भजनी मंडळाचा डबा मिळायचा. टाळ, ढोलकी, भजनी ठेका. पुस्तकात दोन सूर सारख्या लांबीचे लिहिलेले असतात, पण जॅझमध्ये पहिला जरा लांबतो आणि दुसरा मागून झुलत येतो. हाच स्विंग. वाचून समजला होता, ओठांत येत नव्हता. त्या डब्यात एक आजोबा टाळ वाजवायचे. त्यांचा टाळ बरोब्बर तिथेच पडायचा, किंचित मागे, आळसावल्यासारखा. ठाणे येईपर्यंत मी गुडघ्यावर तेच वाजवत बसायचो.

आता थोडं वाजवतो. हा बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा ब्लूज आहे. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. शेजारी कुणी असेल तर त्यालाही बोटांवर मोजायला लावा. एकदा मी मध्येच वाजवायचं थांबेन, तेव्हा मोजणं सोडू नका, सम कुठे येते ते पकडा. आणि सूर काळी दोन आहे बरं का. या वेळी मुद्दाम.

(ऑल्टो सॅक्सोफोन. दोन आवर्तनं.)