सरकलेल्या सीमांचा किनारा : त्रिएस्ते ते सेचोव्ल्ये

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आहे. एड्रियाटिक समुद्राच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, इटलीतील त्रिएस्ते शहराच्या धक्क्यावर आम्ही अकरा जण उभे आहोत. त्यांपैकी बहुतेक म्युनिकमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेले मराठी लोक, आणि दोघे-तिघे मुलांकडे मुक्कामाला आलेले आईवडील. हाताशी चार दिवस आहेत. येथून निघून स्लोव्हेनियाचा जेमतेम 47 किलोमीटरचा समुद्रकिनारा ओलांडायचा आणि क्रोएशियाच्या हद्दीपर्यंत पोहोचायचे, एवढाच बेत आहे. उन्हाळ्यात हॉटेलांच्या दरांनी आणि पर्यटकांच्या गर्दीने झाकला जाणारा हा किनारा शरद ऋतूत बराचसा स्थानिक लोकांच्या हाती परत येतो, म्हणून हे दिवस निवडले.

त्रिएस्ते 1382 पासून 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या अमलाखाली होते. 1719 मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने त्याला खुल्या बंदराचा दर्जा दिला आणि व्हिएन्नाचा समुद्राशी असलेला व्यवहार येथून चालू लागला. 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर येथील ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या आगबोटी मुंबईपर्यंत जाऊ लागल्या, त्यामुळे या धक्क्याशी आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. आज मात्र साऱ्या शहराचे लक्ष शिडाच्या होड्यांकडे आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी येथे ‘बार्कोलाना’ ही शर्यत होते. 1969 पासून चालत आलेल्या या शर्यतीत 2018 मध्ये 2,689 होड्या उतरल्या होत्या. शर्यतीत भाग घेणाऱ्यांना ज्याची ओढ असते आणि धास्तीही, तो म्हणजे ‘बोरा’, ईशान्येकडील पठारावरून समुद्राकडे कोसळणारा कोरडा, थंड वारा. त्याचे झोत कधी कधी ताशी 150 किलोमीटरच्या आसपास जातात, आणि पूर्वी पादचाऱ्यांना धरून चालता यावे म्हणून येथील चढणीच्या रस्त्यांवर दोर बांधले जात.

खाडीच्या पलीकडे दिसणारे छोटे गाव म्हणजे मुज्जा. बोटीने अर्ध्या तासाचा प्रवास. दोन्ही गावे आज इटलीतच आहेत, पण 1420 पासून 1797 पर्यंत मुज्जावर व्हेनिसचे राज्य होते आणि समोरच्या त्रिएस्तेवर ऑस्ट्रियाचे. म्हणजे आपण आता तिकीट काढून सहज पार केलेल्या या पाण्यातून तेव्हा दोन राज्यांची हद्द जात होती. पुढे ती पुसली गेली आणि दुसरीकडे आखली गेली. या किनाऱ्याचा इतिहास समजून घ्यायचा तर गावे जागेवर ठेवून रेषा सरकवत जावे लागते.

त्यातील सर्वांत वेदनादायक सरकणे दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. 1947 मध्ये या भागाचा ‘स्वतंत्र त्रिएस्ते प्रदेश’ घोषित झाला. त्याचा त्रिएस्ते शहर असलेला ‘अ’ विभाग ब्रिटिश-अमेरिकी सैन्याकडे, आणि आज स्लोव्हेनियात असलेल्या कोपर गावापासून दक्षिणेकडचा ‘ब’ विभाग युगोस्लाव्ह सैन्याकडे होता. 1954 च्या लंडन करारान्वये ‘अ’ विभाग इटलीकडे आणि ‘ब’ विभाग युगोस्लाव्हियाकडे (आजचे स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया तेव्हा त्याचेच भाग होते) गेला, आणि 1975 च्या ओसिमो कराराने त्यावर शिक्कामोर्तब झाले. दरम्यानच्या काळात युगोस्लाव्हियाकडे गेलेल्या इस्त्रिया आणि दाल्मात्सिया या किनारी प्रदेशांतून लाखो इटालियन भाषिक घरदार सोडून निघून गेले. त्यांनी मागे ठेवलेले सामान त्रिएस्तेच्या जुन्या बंदरातील गोदामात साठवले गेले, आणि त्यातील बरेच आजही जपून ठेवलेले आहे : एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कपाटे, पलंग, भांडी, आणि त्यांवर मालकांची नावे. फाळणीनंतर निर्वासितांना आसरा दिलेल्या उल्हासनगरात बालपण गेलेले आमच्यातील एक गृहस्थ त्या खुर्च्यांची छायाचित्रे पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुज्जाहून स्लोव्हेनियात जाताना जुनी चौकी ओसाड दिसते. स्लोव्हेनिया 2007 च्या डिसेंबरमध्ये शेंगेन व्यवस्थेत (आपसांतील सीमांवर पासपोर्ट न तपासण्याच्या युरोपीय देशांच्या करारात) आला, तेव्हा येथील फाटके निघाली. ऑक्टोबर 2023 पासून मात्र इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, त्यामुळे ‘सीमा गेली’ असे म्हणताना थोडे जपूनच बोलावे.

येथून पुढची वाट ‘पारेनझाना’ची. 1902 मध्ये सुरू झालेला हा अरुंद रुळांचा 123 किलोमीटरचा रेल्वेमार्ग त्रिएस्तेपासून आजच्या क्रोएशियातील पोरेचपर्यंत जात असे. 1910 मध्ये मुज्जाजवळ बोरा वाऱ्याने त्याची एक गाडी चक्क उलटवली. 1935 मध्ये मार्ग बंद झाला, रूळ उखडले गेले, आणि आता तेथे सायकलवाट आहे. कोपर, इझोला अशी गावे मागे पडतात. प्रत्येक पाटीवर स्लोव्हेनियन आणि इटालियन अशी दोन नावे आहेत, कारण मागे राहिलेल्या इटालियन भाषिक अल्पसंख्याकांच्या भाषेला येथे घटनेचे संरक्षण आहे. पिरानच्या मुख्य चौकात व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तीनी याचा पुतळा उभा आहे. 1692 मध्ये याच गावात जन्मलेला तार्तीनी कोणाचा, इटलीचा की स्लोव्हेनियाचा, या वादात आम्ही पडलो नाही. चौक मात्र पाहण्यासारखा आहे. एके काळी ते होड्यांचे आतले बंदर होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बुजवून त्यावर फरसबंदी केली गेली.

चौथ्या दिवशी आम्ही सेचोव्ल्येच्या मिठागरांत पोहोचलो, आणि या सहलीचा गाभा हाच, हे तेव्हा लक्षात आले. पिरानच्या मिठागरांचा इतिहास किमान सात शतकांचा आहे, आणि व्हेनिसच्या मिठाच्या व्यापारात त्यांना मोठे स्थान होते. समुद्राचे पाणी एका कोंडीतून (बांध घातलेल्या उथळ खाचरातून) दुसऱ्या कोंडीत सोडत, ऊन आणि वाऱ्याने त्याचा खारटपणा वाढवत न्यायचा आणि शेवटच्या कोंडीत मीठ धरू द्यायचे, ही रीत आपल्या रायगड जिल्ह्यातील आगरांसारखीच आहे. फरक तळाशी आहे. गटातील एक काकू उरणच्या. त्यांच्या माहेरी मिठागर होते. दुकानातील मीठ हातात घेऊन त्यांनी वाटाड्याला विचारले, “आमच्या आगरातलं मीठ जरा मातकट असायचं, हे एवढं पांढरं कसं?”

उत्तर होते ‘पेतोला’. जिप्सम, चिखल आणि सूक्ष्म शैवाल व जिवाणू यांचा काही मिलिमीटर जाडीचा हा थर कोंडीच्या तळाशी मुद्दाम वाढवला जातो आणि दरवर्षी नव्याने सांभाळला जातो. तो मीठ आणि चिखल यांच्यामध्ये चादरीसारखा राहतो, त्यामुळे लाकडी फावड्याने मीठ ओढताना माती वर येत नाही. पूर्वी पिरानमधील कुटुंबे वसंत ऋतूत येथील घरांत राहायला येत आणि हंगाम संपल्यावर परत जात. लेरा हा भाग आजही पिकतो. फोंतानिज्जे हा भाग 1960 च्या दशकात सोडून दिला गेला, आणि तेथील दगडी घरे आता छपरांविना उभी आहेत. शरदात तेथील खाऱ्या जमिनीवरच्या मांसल वनस्पती लालभडक होतात. 

काकूंनी वाटाड्याला पाऊस केव्हा लागतो, हेही विचारले. सप्टेंबरच्या सरी आल्या की हंगाम आटोपतो, असे तो म्हणाला. आमच्याकडे जूनमध्ये, असे सांगून त्यांनी मिठाच्या दोन पिशव्या घेतल्या.

फोंतानिज्जेच्या दक्षिण कडेने द्रागोन्या नदी समुद्राला मिळते. दगड फेकला तर पलीकडे पडावा एवढे तिचे पात्र आहे आणि पलीकडे क्रोएशिया आहे. जवळच्या आखाताची वाटणी कशी व्हावी यावर 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निवाडा दिला, परंतु क्रोएशियाला तो मान्य नाही. क्रोएशियाही 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे आमच्या भारतीय पासपोर्टवरचा एकच व्हिसा तिन्ही देशांना पुरला. परतताना चौकीवर पोलिसाने आमचे पासपोर्ट एकेक करून पाहिले. समोरच्या टेकडीवर ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या होत्या, आणि शिडीवर चढलेला एक माणूस फांद्या विंचरून फळे खाली पाडत होता.