जिन्यातल्या धुराला वाट

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याचं विजेचं बिल आलं की सोसायटीच्या बैठकीत एकच विषय निघतो. गच्चीवर सौर पॅनेल बसवूया, जिन्यात सेन्सरचे दिवे लावूया, पश्चिमेच्या भिंतीवर उष्णता अडवणारा थर देऊया. जरूर करा. फक्त दर वेळी एक प्रश्न विचारा: आग लागली तर धूर कुठून बाहेर जाणार?

फोंड्याला माझी मावशी राहते. खाली पार्किंग, वर सात मजले, ती सहाव्यावर. जिन्याला दर मजल्यावर सिमेंटची जाळी. पावसाची झड आत यायची, पायऱ्या निसरड्या व्हायच्या. म्हणून सोसायटीने सगळ्या जाळ्यांवर अ‍ॅक्रिलिकच्या शीट ठोकल्या. पाऊस थांबला. घरातला एसीचा गारवाही टिकेल, असं कंत्राटदार म्हणाला. त्याच सुमारास सेन्सरचे दिवे आले. बिल उतरलं, मावशी खूश.

जूनमध्ये मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री साडेदहाला, जेवणं आटोपल्यावर, वीज गेली. पाऊस म्हटला की वीज जायचीच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग जळक्या वायरचा वास आला. मी दार उघडलं तर जिना काळाकुट्ट. नवे दिवे मीटरच्याच पॅनेलवर होते, आणि जळत होतं तेच पॅनेल. टॉर्च लावली, पण उजेड हातभरही पुढे जाईना. मावशीचा हात धरून मी चार पायऱ्या उतरलो आणि माझा श्वासच कोंडला.

समोरच्या दारात शेजारचे काका उभे होते. जन्मभर बोटीवर नोकरी केलेला माणूस. ते ओरडले, "खाली नको, मागे फिर! दार लाव, फटीला ओला टॉवेल घाल!" आम्ही मागे फिरलो. काकांनी तोंडाला ओला पंचा बांधला, स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला आणि आमच्याच मजल्यावरची शीट फोडली. मग वर जाऊन सातव्यावरची फोडली. दाराआड आम्हाला ठाण ठाण आवाज ऐकू येत होता. थोड्या वेळाने दार किलकिलं करून पाहिलं, तर धूर जाळीतून पावसात ओढला जात होता आणि समोरची भिंत दिसू लागली होती. अग्निशमन दलाचे जवान आले, त्यांनी खालची आग विझवली आणि सगळ्यांना एकेक करून उतरवलं. काकांचे दोन्ही तळहात कापले होते. मावशी त्यांना हळद लावत होती आणि रडत होती.

श्रोतेहो, आग तळमजल्यावरच राहिली. सहाव्या मजल्यावर आला तो धूर. धूर वर चढतो, आणि वरची वाट बंद असली की जिन्यातच साठतो. म्हणून पुन्हा सांगतो, जिन्यातल्या धुराला वाट ठेवा.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २४ मजली इमारत. घरं उबदार राहावीत, इमारत देखणी दिसावी म्हणून बाहेरून नवं आवरण चढवलं होतं. त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिलीन, म्हणजे पेटणारं प्लास्टिक, होतं आणि मागे पेटणारा फोम. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपासून आग लागली, बाहेरच्या आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसं गेली. म्हणून भिंतीला थर द्यायचा तर तो न पेटणारा हवा. रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, पेटत नाही, थर्माकोल पेटतो. कंत्राटदाराकडे चाचणीचं प्रमाणपत्र मागा. आणि मला विचाराल तर पश्चिमेच्या उन्हाला फणसाच्या सावलीसारखा उपाय नाही. पार्किंगसाठी आपण झाडं तोडतो आणि मग भिंतींना औषध शोधत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

सौर पॅनेलबद्दल एवढंच, की खालचा मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासून येणाऱ्या तारांत वीज असते. त्या तारा जिन्यातून आणू नका, आणि त्या तोडायचा स्विच कुठे आहे याची पाटी खाली लावा. जिन्यातले निदान काही दिवे बॅटरीवर चालणारे ठेवा.

मावशीच्या जिन्यात आता तिरप्या पट्ट्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या झडपा आहेत. यंदा पायऱ्या थोड्या भिजल्या. मावशीने दारात पोतं अंथरलं आहे.